डाव्या पंखाची पट्टी

“डावी पट्टी अडकलीय, दाजी,” रेडिओवरून मेव्हण्याचा आवाज आला. “गोंजारून पाहिलं, हिसके देऊन पाहिलं. ढिम्म हलत नाही.”

मनोऱ्यावरच्या खोलीतून इंजिनिअरने दुर्बीण डोळ्यांना लावली. विमान डाव्या अंगाला कलून धावपट्टीवर घिरट्या घालत होतं. पंखाच्या मागच्या कडेची ती हलती पट्टी त्याच्याच डोक्यातून निघालेली. वाऱ्याचा झोत आला की आपणहून वरखाली व्हायची आणि विमानाला सावरून धरायची. तिच्यापायी त्याने उमेदीची सगळी वर्षं कारखान्यात घालवली होती, लोकांनी वेड्यात काढलं तरी. असं विमान जगात हे एकच. आणि आत बसला होता बायकोचा धाकटा भाऊ.

“उतरवा की,” शेजारी उभे असलेले कारखान्याचे संचालक म्हणाले. “भर बैठकीत छातीठोकपणे सांगितलं होतंत तुम्ही, पट्टी अडकली तरी विमान सुखरूप उतरेल.”

सांगितलं होतं खरं. गणितही तेच सांगत होतं. पण गणितातलं विमान एवढं कलत नव्हतं.

“वेग जरा कमी करून बघ,” तो रेडिओवर म्हणाला.

विमान झपकन डावीकडे कोसळलं. खोलीत कुणीतरी “अरे!” म्हणून ओरडलं. कसंबसं ते सावरलं, तेव्हा रेडिओवर नुसता धापांचा आवाज होता.

“दांडी धरून हात भरून आलाय,” मेव्हणा म्हणाला. “दाजी, खरं सांगा. उतरेल ना हे?”

संचालकांनी इंजिनिअरचा दंड धरला. “हे गेलं तर दुसरं कुणी बांधू देणार नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही.”

उतरायचं तर वेग कमी करणं आलंच, आणि जमिनीलगत विमान उलटलं तर उडी मारायलाही सवड नव्हती. उभ्या जन्मात त्याच्या तोंडून ‘ठाऊक नाही’ हे शब्द निघाले नव्हते. ‘यांना देवाच्या घरचाही पत्ता पाठ आहे,’ असं बायको चारचौघांत म्हणायची.

“मला ठाऊक नाही,” तो म्हणाला. “नाक माळाकडे वळव, इंजिन मंद कर आणि उडी मार.”

“दाजी, पण विमान...”

“विमान गेलं खड्ड्यात! उडी मार म्हणतो ना!”

वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची उडाली. क्षणभर आभाळात काहीच दिसेना. मग हवाई छत्री उघडली. इंजिनिअरने दुर्बीण खाली ठेवली. तेवढ्यात संचालक खिडकीकडे धावले.

खुर्ची उडाल्याच्या हिसक्याने पट्टी सुटली होती. रिकामं विमान हळूच सरळ झालं. कुणीतरी आत बसून उतरवत असावं तसं ते खाली खाली आलं, माळावर पोट घासत गेलं आणि धुरळ्यात थांबलं. ना पेटलं, ना मोडलं.

“तुमची पट्टी खरी ठरली,” संचालक खुर्चीत अंग टाकत म्हणाले. “आणि तुमचाच तिच्यावर भरवसा नव्हता. बिनमाणसाचं विमान उतरलं! लोक तोंडात शेण घालतील आपल्या.”

ते ऐकायला इंजिनिअर खोलीत नव्हता. तो जिना उतरत होता.

माळावर विमानाभोवती कामगार जमले होते. त्याची जीप दिसताच सगळ्यांनी हात हलवून एकच गलका केला. “थांबायचं का, साहेब?” ड्रायव्हरने विचारलं. “पुढे घे,” तो म्हणाला.

मेव्हणा पुढे गवतात बसला होता, एक पाय लांब करून. घोटा बुटाबाहेर टरारून सुजला होता. तोंड पांढरंफटक, पण जीभ शाबूत होती.

“वरून सगळं पाहिलं मी. दाजी, तुमच्यापेक्षा तुमचं विमान शहाणं निघालं हो.”

गुडघे टेकून इंजिनिअर त्याच्या बुटाची नाडी सोडायला लागला.

“अहो, पायाला काय हात लावताय! राहू द्या, मी सोडतो.”

“गप्प बस.”

साधी गाठ, पण नखात येईना. माळावरून अजून त्याच्या नावाचा पुकारा ऐकू येत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. चष्मा काढून गवतात ठेवला, आणखी खाली वाकला आणि मातीने माखलेली ती गाठ दातात धरली.