ताटकळण्याचा प्रबंध

आतिथ्य व्यवस्थापन विभागात अकरा वर्षं कंत्राटावर शिकवणाऱ्या बाईंना कायम होण्याची ही शेवटची संधी होती. मुलाखत दहाची. समितीचा चहा, गप्पा आणि जेवण यथासांग उरकलं, आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाईंना तीन वाजता आत बोलावलं. तोवर त्यांना पाणीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

"बोला बाई, तुमच्या प्रबंधातून काय निघालं?" अध्यक्षांनी दात कोरत विचारलं.

"सर, पाहुण्याला वीस मिनिटांपेक्षा जास्त ताटकळत ठेवलं, तर तो उठून चालता होतो."

"काहीतरीच काय! पाच तास झाले, तुम्ही हललात का?"

समिती खो खो हसली आणि बाईंच्या अर्जावर शेरा पडला:



'अपात्र. संशोधन वास्तवाला धरून नाही.'