वाजव रे, मोऱ्या!

मोरूतात्यांनी सॅक्सोफोनवर उभी हयात पोलादपूरच्या वराती गाजवल्या, पण त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग झालं ते सत्तरी उलटल्यावर, सव गावच्या देवळात, भर माणसांत. साथीला भाच्याचा कीबोर्ड आणि जिवलग कुशाबाची ढोलकी. सूर चढला तसा कुशाबा नेहमीसारखा आरोळ्या ठोकत होता, “वाजव रे, मोऱ्या!”

पंधरवड्यात कुशाबा गेला. रेकॉर्डिंग मोबाइलवर आलं तशी त्याची गोदूबाई धावत आली. “भावोजी, बाकी काय नको. ह्यांचा आवाज माझ्याकडं कुठंच नाय. तेवढा ऐकवा.”

तात्यांनी दोनदा लावलं. ढोलकी वाजत राहिली, आरोळी काही आली नाही. शेवटी त्यांनी रेकॉर्डिंग करणाऱ्या हर्षदला फोन लावला.



“काका, मधेमधे कोणीतरी ओरडत होतं, ते मी मुळातूनच पुसून टाकलंय. आता कसं स्वच्छ ऐकू येतंय ना?”