रविवारचे राक्षस

वाचकहो, शस्त्र न उचलता अपमानाचा सूड कसा उगवला गेला, त्याचे वृत्त येथे नम्रपणे सादर करीत आहे.

हेब्बाळच्या एका सोसायटीत वृद्ध भीमाचार्य दर रविवारी मुलांना पुराणकथा सांगत. पुण्याहून आलेला नवा सेक्रेटरी उल्हास मुलांदेखत त्यांच्यावर कडाडला, "अण्णा, तेच तेच किती दिवस? जरा ग्लोबल काहीतरी सांगा, नाहीतर हा वर्ग बंद!"

मुले फिदीफिदी हसली. तो हास्यध्वनी भीमाचार्यांच्या काळजात काट्यासारखा रुतला. "सरी, ठीक आहे, स्वल्प वेळ द्या," एवढेच ते वदले.

मग पुस्तके आणून त्यांनी वर्षभर ग्रीस, मिसर, जपान, मेक्सिको येथील दंतकथा सांगितल्या. मुले तहानभूक विसरली. उल्हासची कन्या कस्तुरी तर पहिल्या रांगेत बसे.

वार्षिक सभेत उल्हास भाषणास उभा राहिला. सवयीप्रमाणे त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि दोनदा घसा खाकरला. त्यासरशी मुले किंचाळत खुर्च्यांखाली शिरली. कारण भीमाचार्यांच्या कथांतील प्रत्येक राक्षस माणूस गिळण्यापूर्वी नेमके हेच करी.

कस्तुरी तेवढी धीराची. ती पुढे झाली.



"बाबा, खरं सांग, तू कुठल्या देशातला?"



आपण वेळ काढून वाचलेत, मी ऋणी आहे.
नागोजीराव चव्हाण, बोम्मसंद्रा