साडेचारशे वॅट

मुलीच्या मेलला मी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं. "बाबा, तुमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो. हे म्हणतात, पॉवर सप्लाय कमी पडतोय. कोणता घेऊ?" चुकीचं सांगायला नको म्हणून मी वाचत बसलो होतो.

"तिने सप्लाय विचारलाय, प्रबंध नाही," बायको म्हणाली.

"अगं, तिच्या प्रोसेसरवर पासष्ट वॅट लिहिलंय, पण तो आकडा उष्णतेचा. जोर पडला की तो दुप्पटही ओढतो."

"मग सांगा की मोठा घ्यायला."

"आहे तोच साडेचारशेचा आहे. त्यातला निम्मासुद्धा लागत नाही. आणि नुसतं आपल्याशी बोलायला प्रोसेसरवर असा कितीसा जोर पडणार?"

"बिघडला असेल."

"मग कधीही बंद पडायला हवा. दिवसभर ती त्याच्यावरच काम करते, तेव्हा नाही पडत. आपल्याशी बोलताना तरी दर वेळी कुठे पडतो? कधी पडतो, तूच आठव."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला टॉवेल हातातच राहिला. "जावई घरात आले की," ती हळूच म्हणाली.

मी दोनदा लिहून खोडलं. तिच्या मेलसुद्धा ते उघडून बघत असणार, असं मला आता वाटू लागलं होतं. शेवटी एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं : "जावईबापूंचं बरोबर आहे. सप्लाय कमीच पडतोय. तू काही घेऊ नकोस. नवा घेऊन आम्ही दोघं उद्याच येतोय."