व्हायोलिनमागचे ठोके

नव्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या काचेच्या नळ्या तांबूस उजळल्या, तेव्हा धाकटी बहीण हसून म्हणाली, "दादा, यावर दूधही तापेल रे!"

त्याने रेकॉर्ड लावली. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर शेकडो वेळा ऐकलेलं व्हायोलिन आज समोर बसून कुणी वाजवावं तसं वाजू लागलं. त्या सुरांमागून तीन ठोके आले. थोडं थांबून पुन्हा तीन.

"नळी सैल असेल," तो म्हणाला. बोटं पोळेपर्यंत त्याने प्रत्येक नळी दाबून पाहिली. ठोके चालूच राहिले.

बहिणीचा चेहरा उतरला. "आईचा चमचा आहे हा. पलंगाच्या दांडीवरचा." वाचा गेल्यापासून आई असेच ठोके देऊन बोलवायची. "पण ती गेली त्या दुपारी तिने बोलावलंच नाही, म्हणाला होतास ना तू?"

त्याची मान खाली गेली. हात मात्र, त्या दुपारी गेला होता तसाच, आवाज वाढवायच्या बटणाकडे गेला. आवाज वाढला, पण व्हायोलिनचा नव्हे, ठोक्यांचा.

"आले गं, आई," म्हणत बहीण आईच्या बंद खोलीकडे निघाली.

ठोके थांबले. आत कुणीतरी चमचा खाली ठेवला.