जोसेफचं काम

“चल, शेवटचं एकदा. तू जोसेफ, मी मी,” उत्कर्षा धाकट्या भावाला म्हणाली आणि बॅगेवर बसून तिनं चेन ओढली.

खाली मुंबई विमानतळाची गाडी उभी होती, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून ते सगळ्या कर्वेनगरला कळवत होता. खराडीच्या कंपनीतून वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन उत्कर्षा केनियाला निघाली होती. मनानं खचलेल्या तरुण मुलांशी बोलायचं, त्यांचं ऐकायचं, असं स्वयंसेवकाचं काम होतं. “जगाचं ऐकायला निघालीय. घरात हाका मारल्या तर ओ देत नाही,” असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती.

प्रशिक्षणात एक गोष्ट घोटून घेतली होती. मुलगा फारच खचलेला वाटला तर आडवळणं घ्यायची नाहीत. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारायचं आणि मग गप्प बसायचं. उत्कर्षाला ते गप्प बसणंच जमत नव्हतं. तिकडे एखाद्या पोरानं खरं सांगायला तोंड उघडलं आणि आपणच मध्ये बोललो तर, या धास्तीनं तिची झोप उडाली होती. म्हणून घरी सराव चालायचा. संस्थेनं दिलेल्या कागदावरचा जोसेफ व्हायचा शुभंकर. जोसेफ म्हणजे काम सुटलेला, आईबाप नसलेला एक मुलगा.

शुभंकर काम मात्र झकास करायचा. मान खाली, आवाज बसलेला, इंग्रजीसुद्धा अडखळत. “कॉलेजात एवढं केलं असतंस तर करंडक आणला असतास,” उत्कर्षा म्हणायची. मंदीत त्याच्या ऑफिसातली निम्मी माणसं गेली होती. हा रोज डबा घेऊन जात होता, त्यामुळे घर निश्चिंत होतं. जेवणं झाली की तोच विचारायचा, “आज जोसेफ नाही का?” हौस असते एकेकाला, असंच सगळ्यांना वाटलं.

आता घाईघाईत तिनं तो प्रश्न इंग्रजीतून विचारला.

शुभंकर खाली बघत राहिला. मग एकदम मराठीत म्हणाला, “वाटतं. रोज वाटतं. आईचं काय होईल, तिथंच अडतं.”

उत्कर्षा हसली. “अरे, जोसेफला आई नाहीये. कागद वाच की नीट.”

शुभंकर हसला नाही. त्यानं कागद उचलला, परत ठेवला. “हो. विसरलो.”

स्वयंपाकघरात आई दह्यात साखर कालवत होती. वाटीत चमचा वाजत होता. ‘आजची रजा साहेबांना कळवलीस ना?’ असं सकाळी आईनं विचारलं, तेव्हा शुभंकरनं नुसती मान हलवली होती. ते उत्कर्षाला आत्ता आठवलं आणि ती बॅगेवरून उठून त्याच्यासमोर येऊन बसली. इंग्रजीत इतक्यांदा विचारलेला प्रश्न मराठीत तोंडातून निघेना.

“शुभ्या,” ती कशीबशी म्हणाली, “तुला जीव द्यावासा वाटतो?”

आणि ती गप्प बसली. खाली हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. ती बोलली नाही.

“नोकरी दिवाळीतच गेली, ताई,” शुभंकर म्हणाला. “डबा मी बागेत बसून खातो.” त्यानं जोसेफचा कागद उलटा करून ठेवला. “हो. वाटतं.”

तिनं त्याचा हात घट्ट धरला.

आई दह्याची वाटी घेऊन आली. “हात कर पुढे. नाहीतर तो ड्रायव्हर हॉर्न घेऊन वर येईल. तुझा जोसेफ तिकडे वाट बघत असेल.”

उत्कर्षानं हात पुढे केला नाही. तो शुभंकरच्या हातात होता.

“गाडी परत पाठव, आई,” ती म्हणाली. “जोसेफ इथेच राहतो.”