मधातला आवाज

“तुमी कोणी मानणार नाई,” रामाजी फरशीवर पालथा पडल्या पडल्या म्हणाला, “पण भामरागडले मी आवाजाची पेटी अशीच तिरपी केली, अन् वाघ आला. बरोबर दोन पेट्यांच्या मधात येऊन बसला. इकडे नाई, तिकडे नाई. तवा मले समजलं का जागा जमली.”

“अन् गाणं कोणतं मांगितलं त्यानं?” इंदुताईंनी मागून विचारलं.

रामाजीनं उत्तर दिलं नाही. एक डोळा मिटून तो पेटीच्या कडेवरून खाटेकडे पाहत होता. कामात असला की तो असाच.

इंदुताई कुरखेड्याला शिक्षिका होत्या. नागपूरच्या भावानं त्यांना टेप आणि आवाजाच्या दोन लाकडी पेट्या पाठवल्या होत्या. पेट्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या, तर गाणं मडक्यातून आल्यासारखं घुमायचं. म्हणून गावोगावी भोंगे लावणाऱ्या रामाजीला बोलावलं. निदान सांगायला कारण ते होतं.

खरं कारण दाराशी सुपारी कातरत बसलं होतं. श्रीहरी, मंडईच्या जत्रेत दंडारीचं लोकनाट्य करणाऱ्या मंडळाचा सेक्रेटरी. गेल्या मंडईत ऐन रडण्याच्या प्रवेशात भोंगा किंचाळला आणि किंचाळतच राहिला. रामाजी म्हणाला, वायर उंदरानं कुरतडली. लोक म्हणाले, म्हातारा झोपला होता. यंदा भोंगे रामाजीनं लावायचे की ब्रह्मपुरीहून माणूस आणायचा, ते आज या पेट्यांवर ठरणार होतं. आणि मंडई सुटली, तर रामाजीला वर्षभर दुसरं कोण विचारणार होतं?

तो कमरेला हात लावत उठला. पेट्या भिंतीपासून हातभर पुढे ओढल्या, स्टुलांवर चढवल्या. खाटेवर बसलेल्या इंदुताईंच्या नाकापासून दोन्ही पेट्यांपर्यंत सुतळी ताणून अंतर सारखं केलं. पेट्यांची तोंडं थोडी आत वळवली. मग पुढच्या कडेखाली कौलाचे तुकडे सारून त्यांना जरा वर पाहायला लावलं.

“कसं वाटते, बाई?” तो दर खेपेला विचारायचा आणि त्यांच्या तोंडाकडे पाहायचा. भुवई आकसली की तुकडा काढायचा. सैल पडली की राहू द्यायचा.

“थकले भाऊ तुमी. चहा घेता का?” इंदुताईंनी विचारलं.

पाठमोरा रामाजी तुकडे सारतच राहिला.

“चहालेबी भाव देऊन नाई राह्यला म्हातारा,” श्रीहरी म्हणाला. “वाघासंग पिऊन आला वाट्टे.”

मग हळूहळू खोलीत काहीतरी झालं. टेपवर चालू असलेल्या गाण्यातल्या गाणारीचा आवाज पेट्यांतून येईनासा झाला. मधल्या रिकाम्या भिंतीपाशी कोणी उभं राहून गावं, तसा तो तिथून येऊ लागला.

“अगा माय!” इंदुताई म्हणाल्या. “मधातच उभी आहे ना!”

श्रीहरीचा अडकित्ता थांबला. त्यालाही या वादाचा कंटाळा आला होता. रामाजीच्या भोंग्यांखालीच तो लहानाचा मोठा झाला होता. ब्रह्मपुरीला उद्याच नाही म्हणून कळवावं, असं त्यानं मनात ठरवून टाकलं.

“आखीन थोडकं बाकी आहे,” रामाजी म्हणाला. डाव्या पेटीखालचा तुकडा त्यानं नखभर आत सारला, हात झटकले आणि वळून पाहिलं.

दोघंही जागच्या जागी थिजली होती. इंदुताईंचा हात हवेत तसाच राहिला होता. श्रीहरीचं तोंड उघडं होतं.

रामाजीचा चेहरा उजळला. गाण्यानं असं गप्प झालेलं घर त्यानं कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. तो भिंतीला टेकून खाली बसला, दुखरे पाय पसरले आणि डोळे मिटून मान डोलवू लागला.

“आयका,” तो म्हणाला. “आता तिच्या बांगड्याबी आयकू येतेत. दम घेते, तोबी. ब्रह्मपुरीवाल्याच्या बापाच्यानं होणार नाई हे. आता तूच सांग श्रीहरी, मंडईले भोंगे कोणाचे?”

श्रीहरी उठला. रामाजीच्या समोर येऊन उकिडवा बसला. खांद्यावर हात ठेवून, म्हातारा डोळे उघडेपर्यंत थांबला. मग एकेक शब्द सुटा करत मोठ्यानं म्हणाला, “भाऊ, लाइन कवाचीच गेली. टेप बंद आहे.”